दैवाला वेठीस धरणारा बादशहा

(गावच्या सत्यशोधक सभेत झालेले भाषण)



तुमची जेवणे झाली आहेत, जलशाची मंडळी तिकडे डफ शेकीत बसली आहेत, आणि त्यांच्या आधी मला उभे केले आहे. तेव्हा मी शास्त्र सांगत बसत नाही. एका राजाची गोष्ट सांगतो. गोष्ट म्हटली तरी ती भाकडकथा नव्हे. चीन देशात बावीसशे वर्षांमागे घडलेली ही हकीकत आहे, आणि राजा मेल्यावर सुमारे शंभर वर्षांनी स्मा छ्येन नावाच्या इतिहासकाराने ती लिहून ठेवली आहे. हा लेखक पुढच्या राजघराण्याच्या पदरी होता, आणि मागच्या धन्याची निंदा पुढच्या धन्याला गोड लागते हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा तिला थोडे तिखटमीठ लागले असेल असे धरून चाला.

पण आधी एक विचारतो. आपल्या घरी बैल मेला, पाऊस गेला, कर्जापायी जमीन गेली, म्हणजे आपल्याला काय सांगतात? "बाबा, सटवीने कपाळी लिहिले ते कुणाला चुकले आहे?" बरे. आणि थोरामोठ्याच्या घरी ग्रह वाकडा झाला म्हणजे तेच तोंड काय सांगते? "शांत करू, जप करू, दान द्या, ग्रह वळेल." म्हणजे एकाच दैवाचे दोन भाव! गरिबाचे दैव काळ्या दगडावरची रेघ, आणि धनवानाचे दैव पोराच्या पाटीवरची. दक्षिणेच्या ओल्या बोळ्याने पुसली की गेली. हा दुसरा भाव खरा की खोटा हे पाहायचे तर ज्याच्याजवळ दक्षिणेला काहीच कमी नव्हते असे गिऱ्हाईक पाहिले पाहिजे. चीनचा हा बादशहा तसा होता.

इ.स.पूर्व २४६ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, तो छिन नावाच्या राज्याच्या गादीवर बसला. त्या वेळी चीनमध्ये सात मोठी राज्ये होती. याने बाकीची सहा एकामागून एक गिळली, आणि इ.स.पूर्व २२१ मध्ये सगळ्या देशाचा तो धनी झाला. मग राजा हे नाव त्याला अपुरे वाटू लागले. त्याने नवी पदवी काढली, शी ह्वांग ती, म्हणजे पहिला बादशहा. माझ्यामागून येईल तो दुसरा, त्याच्यामागून तिसरा, असे दहा हजाराव्यापर्यंत चालावे, असा त्याने हुकूम काढला. पुढच्या दहा हजार पिढ्यांची बारशी त्याने एका दिवसात उरकून टाकली.

मग रयतेजवळची शस्त्रे गोळा करून राजधानीत आणली, वितळवली, आणि त्या काशाचे बारा राक्षसी पुतळे ओतले. वजने एक केली, मापे एक केली, गाडीच्या दोन चाकांतले अंतर साऱ्या देशात एक केले, लिपी एक केली. हे काम चांगले झाले, मी ते नाकारीत नाही. मापात मारणाऱ्या वाण्यालाच त्याचे वाईट वाटले असेल. सांगायचे इतकेच की गाडीचा आखसुद्धा ज्याच्या हुकमाने लांब-आखूड होतो, त्याला हुकूम न मानणाऱ्या दोनच गोष्टी जगात उरल्या. एक वारापाऊस आणि दुसरे मरण.

वारापावसाचे आधी सांगतो. इ.स.पूर्व २१९ मध्ये तो थाय नावाच्या पवित्र डोंगरावर देवाची पूजा करायला गेला. उतरताना वादळ-पाऊस आला. बादशहा एका झाडाखाली उभा राहिला. झाडाखाली कोण उभे राहत नाही? गुराखी राहतो, त्याचे कुत्रे राहते. पण बादशहाला झाडाने भिजू दिले नाही म्हणून त्याने त्या झाडाला दरबारचा हुद्दा दिला! त्याच सफरीत पुढे एका मोठ्या नदीवर वारा सुटला आणि होड्या पलीकडे जाईनात. काठच्या डोंगरावर एका देवीचे ठाणे होते. ही कोण म्हणून त्याने पंडितांना विचारले. पुराणातल्या राजाची राणी, असे उत्तर मिळाले. झाले, वारा तिनेच सोडला असे ठरले, आणि तीन हजार कैदी लावून त्या डोंगरावरचे झाडन् झाड तोडून डोंगर तांबडा बोडका केला. एका डोंगरावर झाडाला बढती आणि दुसऱ्या डोंगरावर जंगलाला फाशी! झाड हसले नसेल, पण कुऱ्हाड चालवणारे ते तीन हजार जण रात्री आपापसांत हसले असतील, असे मला वाटते.

आता मरणाचे. मरणाचा शब्द कानी पडलेला त्याला खपत नसे. दरबारात कुणी तो तोंडातून काढीत नसे. असा धनी भेटला म्हणजे जोशीबुवांचे फावते. आपण समजतो की जोशी आपल्याच मुलखात पिकतो. छे हो! तिकडे शेंडी नव्हती, सोवळे नव्हते, पण धंदा हाच. शू फू नावाचा एक जण पुढे आला आणि म्हणाला, महाराज, पूर्वेच्या समुद्रात तीन डोंगर आहेत, तिथे अमर लोक राहतात. मला शुद्ध होऊन जाऊ द्या, बरोबर मुले-मुली द्या, आम्ही त्यांना शोधून काढतो. बादशहाने काही हजार मुले-मुली त्याच्या हवाली केल्या.

मंडळी, इथे मी थोडा थांबतो. इतिहासात हे एका ओळीत आहे. काही हजार मुले आणि मुली. ती कुणाची होती? सरदारांची नव्हती हे सांगायला नको. कुणाच्या तरी दारात शिपाई आला असेल, कुणी तरी पोराला उराशी धरले असेल, आणि तिला सांगितले असेल की तुझ्या लेकराचे भाग्य उजळले, बादशहाच्या कामाला चालले आहे. एका माणसाला मरण येऊ नये म्हणून इतक्या घरांत जिवंतपणी सुतक.

नऊ वर्षांनी हा शू फू परत दिसला. पैसा खर्च झाला होता, अमृत नव्हते, आणि मानेची भीती होती. मग म्हणाला, महाराज, औषध मिळण्यासारखे आहे, पण मोठाले मासे आडवे येतात. चांगले तिरंदाज द्या. बादशहालाही तेव्हाच समुद्राच्या देवाशी लढाई झाल्याचे स्वप्न पडले. स्वप्नाचा अर्थ सांगणारे पदरी होतेच. मग साऱ्या चीनचा धनी हातात धनुष्य घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने माशाची वाट पाहत फिरला, आणि शेवटी एक मासा त्याने मारला! शू फूचे पुढे काय झाले? त्याच इतिहासात दुसऱ्या ठिकाणी लिहिले आहे की तीन हजार मुले-मुली, पाच धान्यांचे बियाणे आणि नाना कसबांचे कारागीर घेऊन तो गेला, त्याला सपाट जमीन आणि भरपूर पाणी सापडले, तिथेच तो राजा होऊन बसला आणि परत आला नाही. अमृत आणायला निघालेला माणूस बियाणे आणि सुतार-लोहार का नेतो, हे एखाद्या कुणब्याने पहिल्याच दिवशी विचारले असते. दरबारात विचारणारा कुणी नव्हता.

दुसरा एक बुवा लू शंग. याने इ.स.पूर्व २१५ मध्ये एक देवाघरचा लेख आणून दिला: छिनचा नाश 'हू' करील. उत्तरेकडच्या रानात हू नावाचे घोडेस्वार लोक राहत. बादशहाने तीन लाख फौज त्यांच्यावर पाठवली, त्यांना मागे रेटले, आणि जुन्या तटांना जोडून पर्वतापर्वतांवरून मोठी भिंत घालायला लावली. ती कुणी घातली? सजा झालेल्यांनी आणि वेठीला धरून नेलेल्यांनी. आपल्या आजापणज्यांनी वेठ भोगली आहे. नांगर उभा सोडून दुसऱ्याचे ओझे डोक्यावर घेऊन चार कोस जायचे, याचे दुःख म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून तुम्ही ऐकले असेल. तिथे चार कोस नव्हते. शेकडो कोस होते, आणि पुष्कळांना परतीची वाट नव्हती.

पुढच्या पंडितांनी या भविष्याची मौज काढली. बादशहाच्या एका धाकट्या मुलाचे नाव हू हाय होते. राज्य बुडाले ते त्याच्या हातून. म्हणजे भिंतीच्या पलीकडचा हू मारायला तीन लाख माणूस धाडले, आणि घरातल्या हूला मांडीवर खेळवले. कथा रंगते खरी. पण तुम्ही फसू नका. लू शंगला भविष्य कळले होते असे यातून काही निघत नाही. भविष्य नेहमी असेच सैल विणलेले असते. मागाहून ज्याच्या अंगात बसेल त्याला घालावे. स्वतः लू शंगला आपल्या अमृताचा किती भरवसा होता ते आता पाहा.

अमृत मिळेना, तेव्हा तो म्हणाला, महाराज, भुताखेतांची बाधा आड येते आहे. आपण कुठे असता ते कुणाला कळू देऊ नका. मग राजधानीच्या आसपासच्या दोनशे सत्तर वाड्यांना झाकलेल्या वाटा जोडल्या, आणि बादशहा आज कुठे निजला आहे हे जो सांगेल त्याला मरण, असा हुकूम सुटला. एकदा त्याने डोंगरावरच्या वाड्यातून प्रधानाचा लवाजमा पाहून नाक मुरडले. दुसऱ्या दिवसापासून प्रधानाने गाड्या-घोडे कमी केले. म्हणजे जवळच्या कुणीतरी बातमी पोचवली! कुणी कबूल होईना, तेव्हा त्या वेळी जवळ असलेले सगळे मारले. भुतांना पत्ता लागू नये म्हणून केलेल्या युक्तीत माणसेच भुते झाली. हे पाहून लू शंग आपल्या सोबत्यासह पळून गेला. मग बादशहाचा राग उरलेल्यांवर. राजधानीतले चारशे साठ पंडित आणि बुवा त्याने मारवले, जिवंत पुरले म्हणतात. थोरला मुलगा फू सू म्हणाला, बाबा, हे बरे नव्हे. त्याला उत्तरेच्या सरहद्दीवर पाठवून दिले.

याच्या आदल्या वर्षी, इ.स.पूर्व २१३ मध्ये, त्याने जुनी पुस्तके जाळण्याचा हुकूम काढला होता. रयतेने मागच्या राजांच्या गोष्टी वाचून आजच्या राजाला नावे ठेवू नयेत म्हणून. शेतीची आणि औषधांची पुस्तके वाचवली, ते ठीक केले. आणखी कोणती वाचवली असतील? शकुन पाहण्याची! इतिहास जाळला आणि पंचांग ठेवले. याहून मी काही बोलत नाही.

इ.स.पूर्व २११ मध्ये आकाशातून एक दगड पडला, आणि कुणीतरी त्यावर कोरले की पहिला बादशहा मरेल आणि मुलूख फुटेल. सरकारी माणसे चौकशीला आली. कोणी कोरले? कुणी बोलेना. तेव्हा दगडाच्या आसपास राहणारी सगळी माणसे मारली आणि दगड जाळून टाकला. आता तुम्हीच विचार करा. ते अक्षर दैवाचे आहे असे बादशहाला वाटले असते, तर त्याने पूजा केली असती, शांत केली असती. त्याने माणसे धरली. म्हणजे हे ब्रह्मदेवाचे अक्षर नव्हे, कुणाच्या तरी घट्टे पडलेल्या हाताचे आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्या एका हाताला वाचवायला सबंध वस्ती गप्प राहिली, की खरोखरच कुणाला माहीत नव्हते, ते कधीच कळायचे नाही. सगळी वस्ती गेली.

त्यानंतर आणखी एक अपशकुन झाला, म्हणून कौल लावला. कौल निघाला की प्रवास करणे आणि माणसे हलवणे शुभ. तीस हजार कुटुंबे उचलून उत्तरेला नेऊन टाकली. राजाच्या ग्रहशांतीत तीस हजार चुली विझल्या! आणि तो स्वतः प्रवासाला निघाला. हाच तो माशाचा प्रवास. मासा मारून परत फिरला आणि वाटेतच आजारी पडून इ.स.पूर्व २१० मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, मेला. शुभ मुहूर्तावर.

मरणाचे नाव काढायचे नाही, म्हणून गादीचा बंदोबस्त शेवटपर्यंत राहिला होता. अखेरच्या घटकेला थोरल्या मुलाला बोलावणारे पत्र लिहवले, ते खोजाच्या हातातच राहिले. त्या खोजाने, प्रधानाने आणि धाकट्या हू हायने मिळून मरण लपवले, आणि थोरल्याला खोटा हुकूम पाठवला की तू स्वतःला संपव. त्याने संपवले. इकडे बादशहा आपल्या झाकल्या गाडीत बसून चाललाच होता! वेळेवर ताट आत जाई, कागद आत जात, आत बसवलेला एक खोजा "मंजूर" म्हणे. दिवस उन्हाळ्याचे. चार दिवसांत वास सुटला. तेव्हा गाड्यांत खारवलेली मासळी भरण्याचा हुकूम झाला, म्हणजे कोणता वास कुणाचा हे कळू नये. वेठीने बांधलेल्या लांबलचक सडकेवरून, मासळीच्या सोबतीने, अमर व्हायला निघालेला बादशहा घरी आला. माशाने असा सूड घेतला म्हणा!

त्याच्या थडग्याचे काम तो गादीवर आल्यापासून चालले होते. थडगे आणि एक नवा राजवाडा यांवर मिळून सात लाख सजावाले राबत होते, असे इतिहास म्हणतो. आत पाऱ्याच्या नद्या आणि समुद्र केले होते. १९८० नंतरच्या काळात संशोधकांनी त्या टेकाडाची माती तपासली, तेव्हा तिच्यात पारा आसपासच्या मातीहून पुष्कळ जास्त निघाला. तेव्हा ही गोष्ट अगदीच थाप नसावी. पण पुरण्याच्या दिवशीचे ऐका. आतल्या कळा आणि खजिना कारागिरांना ठाऊक आहे, ते बाहेर बोलतील, म्हणून ते आत असतानाच दार खाली सोडले. सुतार असतील, ओतारी असतील, पाथरवट असतील. हातचे कसब हाच त्यांचा गुन्हा.

आता उरली शेवटची हकीकत. पुढच्याच वर्षी, इ.स.पूर्व २०९ मध्ये, नऊशे गरीब माणसे सरहद्दीच्या पहाऱ्याला नेत होते. त्यांत चन शंग हा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीने नांगर धरणारा माणूस होता. वाटेत पाऊस लागला, वाट बुडाली, मुदत टळली. मुदत टळली तर मुंडके, असे इतिहासकार सांगतो. १९७५ मध्ये एका छिन कारकुनाच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले कायदे सापडले, त्यांत वेठीला उशिरा आल्यास दंड आहे आणि पावसाची सूटही आहे. म्हणून काही विद्वान मुंडक्याच्या गोष्टीवर शंका घेतात. मुलकी वेठ आणि फौजेचा पहारा यांचा कायदा एकच होता की नाही, ते विद्वानांनी ठरवावे. मला इतकेच दिसते की सूट असते ती कागदावर, आणि पावसात भिजत उभ्या असलेल्या माणसाला कागद कुणी दाखवीत नाही.

चन शंगने आपल्या सोबत्याशी हिशोब केला: पळालो तरी मरण, उठलो तरी मरण. मग त्यांनी काय केले? रेशमी चिंधीवर तांबड्या अक्षरांत "चन शंग राजा होणार" असे लिहिले आणि ती कोळ्याच्या जाळ्यातल्या माशाच्या पोटात घातली. लोकांनी मासा विकत घेतला, चिरला, आणि दैवाची चिठ्ठी निघाली! रात्री देवळाकडून कोल्ह्याच्या आवाजात तीच आरोळी. ही लबाडी होती, ती मी झाकत नाही. सत्यशोधकाने आपल्या बाजूची लबाडीही लबाडीच म्हटली पाहिजे. पण पाहा, जे दैव बादशहाने लाखो खर्चून विकत घेतले, ते दोन मजुरांनी एका माशात घालून दाखवले. मग त्यांनी अंमलदारांना मारले, आणि चन शंग सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला की राजे आणि सरदार काय निराळ्या बियाण्याचे असतात? हा सवाल जोतीरावांच्या दोन हजार वर्षे आधी एका नांगऱ्याने केला. शस्त्रे तर पुतळ्यांत वितळली होती. यांनी झाडे तोडून सोटे केले, बांबूंची निशाणे केली, आणि गावेच्या गावे उठली.

चन शंग स्वतः राजा झाला आणि सहा महिन्यांत आपल्याच गाडीवानाच्या हातून मेला. जुना नांगरसोबती भेटायला आला, मोकळेपणाने मागच्या गोष्टी सांगू लागला, म्हणून याने त्याचे मुंडके उडवले होते. आपल्यातून वर चढलेल्यांनी हे घरी जाताना आठवावे. पुढे राज्य घेतले ते ल्यू पांगने. हाही शेतकऱ्याच्या घरचा, गावचौकीवरचा लहानसा नाईक. बादशहाच्या थडग्याच्या कामावर कैदी पोचवायला निघाला होता. वाटेत पुष्कळ पळाले, तेव्हा त्याने उरलेल्यांचेही दोर सोडले आणि त्यांतले दहा-पंधरा जण घेऊन डोंगरात गेला. इ.स.पूर्व २०६ मध्ये छिनचा शेवटचा राजा गळ्यात दोरी घालून त्याच्यापुढे आला. दहा हजार पिढ्यांतली ही तिसरी. दुसरा तीन वर्षे टिकला, तिसरा सेहेचाळीस दिवस.

ज्या थडग्यासाठी ल्यू पांगचे कैदी चालले होते, त्याच्याजवळ १९७४ मध्ये काही शेतकरी पाण्यासाठी विहीर खणत होते. कुदळीला मातीचा माणूस लागला. मग एकामागून एक निघत गेले. भाजलेल्या मातीचे हजारो शिपाई, बादशहाची परलोकातली फौज. त्यांच्या अंगावर काही ठिकाणी घडवणाऱ्यांची नावे आहेत. ती मानासाठी नव्हेत. काम बिघडले तर कुणाला धरायचे ते कळावे म्हणून. थोड्या अंतरावर १९७९ च्या सुमारास मजुरांना पुरलेल्या जागा सापडल्या. हाडांवर फुटक्या कौलांचे तुकडे ठेवले होते, आणि त्यांवर नावे ओरखडली होती. नाव, गाव, कोणती सजा. काही गावे शेकडो कोसांवरची, पूर्वेकडची. लिहिणे येणारा एखादा सोबती असेल. दिवसभर माती वाहून रात्री त्याने ते बसून लिहिले असेल.

जलशाची मंडळी उठली आहेत. मी बसतो.